घाटात थांबलेली गाडी आणि घरची दुरुस्ती

जुनी मोटार वाटेत बंद पडली म्हणजे तिच्यावर बहुधा दोन अन्याय होतात. ती मोडीत काढावी असा निकाल जागच्या जागी दिला जातो. आणि त्यातून ती वाचलीच, तर घरी आणून दोष न शोधताच एकामागून एक भाग बदलले जातात. दुरुस्ती म्हणजे आधी तपास आणि मग पान्हा, असे आमचे मत आहे. ते एका उदाहरणाने स्पष्ट करू.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या फियाट ११०० ला १९७४ साली ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ घनसेंटिमीटरचे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली. तरी हौसेने सांभाळलेल्या पद्मिनी काही घरी अजून आहेत. एप्रिलच्या दुपारी अशी गाडी खंडाळ्याचा घाट चढताना आचके देते आणि थांबते. सेल्फ फिरतो, पण इंजिन धरत नाही. अर्ध्या तासाने मात्र काही घडलेच नाही अशा थाटात ती चालू होते आणि घरी येते. दोष कोठे शोधावयाचा?

पेट्रोल-इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब आणि नेमक्या क्षणी ठिणगी. निवल्यावर गाडी नीट चालते, त्या अर्थी दाब बहुधा शाबूत आहे. राहिली पेट्रोल आणि ठिणगी. आणि उष्णतेने या दोन्ही अडतात. पंप इंजिनाला लागूनच असतो. तो फार तापला की पेट्रोलची आतच वाफ होते, आणि द्रव पुढे ढकलण्यासाठी केलेला पंप वाफेपुढे हतबल होतो. उलटपक्षी कॉइल किंवा कंडेन्सर जुना असला तर तापल्यावर ठिणगीच मरगळते. लक्षण एक, कारणे दोन.

म्हणूनच खरा पुरावा गाडी थांबलेल्या जागीच मिळतो. निवलेल्या गाडीत तो लपतो. जवळ एक जादा प्लग ठेवावा. एका प्लगची वायर काढून या जादा प्लगला लावावी, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवावा, वायर रबरी मुठीच्या पकडीने धरावी आणि दुसऱ्याने सेल्फ मारावा. पेट्रोल कोठे गळत नाही याची खात्री मात्र आधी करावी. ठिणगी निळी व कडक पडली तर संशय पेट्रोलवर. पिवळट पडली किंवा पडलीच नाही तर कॉइल-कंडेन्सरवर. एवढी एक ओळ वहीत टिपली तरी घरचे निम्मे काम झाले.

घरी आल्यावर ठिणगीचा संशय असेल तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडून पॉइंट पाहावेत. ते फार जळालेले असले तर कंडेन्सर तपासावा. पॉइंटांमधील फट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमीच असते. ती अंदाजाने नव्हे, फीलर गेजने लावावी.

पेट्रोलचा संशय असेल तर नळ्या, गाळणी आणि पंपाचा डायफ्रॅम पाहावा. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. जुन्या काळच्या कित्येक रबरांना इथेनॉल सोसत नाही. ती फुगतात, चिरतात. चिरलेल्या नळीतून पंप हवा ओढतो, आणि गळती झाली तर आगीची भीती. येथे काटकसर करू नये. शिवाय इंजिन मुळात इतके तापले का, हेही विचारावे: रेडिएटरमधील पाणी व पंख्याचा पट्टा पाहावा. झाकण मात्र इंजिन निवल्यावरच उघडावे.

एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा तशाच उन्हात तसाच चढ चढून पाहावा. दोन भाग एकदम बदलले तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही.

घरच्या कामाला मर्यादाही आहेत. पेट्रोलचे काम गार इंजिनावर, उघड्या हवेत, बॅटरीची तार सोडवूनच करावे. बंद गॅरेजात इंजिन चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि तो प्राण घेतो. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. ब्रेक आणि स्टिअरिंग ही कामे जाणत्या मिस्त्रीकडेच सोपवावीत. त्याच्याकडे जातानाही ‘गाडी बिघडली’ एवढेच न सांगता ती केव्हा, कोठे व कशी थांबली आणि ठिणगी कशी होती, हे सांगावे. त्याचा वेळ वाचतो, आपला पैसा वाचतो आणि पुष्कळदा गाडीही वाचते.