चित्र हलते कसे?

पावसाळ्याचे दिवस आहेत आणि तुम्ही वेंगुर्ल्याच्या एस. टी. स्थानकावर उभे आहात, असे समजा. संध्याकाळ झाली आहे. कुडाळहून येणाऱ्या गाडीने तुमचे अब्बा यायचे आहेत; पण गाडीला उशीर झाला आहे. अशा वेळी काहीच घडत नाही, असे आपल्याला वाटते. पण नीट पाहा. पत्र्याच्या कडेला पाण्याचा थेंब जमतो, फुगतो आणि मग टपकन खाली पडतो. घडत तर असते. आपण पाहत नसतो.

एका जपानी चित्रपटात असाच प्रसंग आहे. त्याचे नाव 'माझा शेजारी तोतोरो'. हायाओ मियाझाकी यांनी तो १९८८ साली तयार केला. त्यात कोणी नट नाही की नटी नाही. माणसे, झाडे, पाऊस ही सारी हाताने काढलेली चित्रे आहेत. अशा चित्रपटाला ॲनिमेशनपट म्हणतात. बोलताना आपण त्याला कार्टून म्हणतो.

दोन बहिणी पावसात वडिलांच्या बसची वाट पाहत आहेत. धाकटी थोरलीच्या पाठीवर झोपी जाते. रस्त्याने एक बेडूक जातो. बराच वेळ दुसरे काही होत नाही. मग तोतोरो नावाचा एक अवाढव्य, केसाळ प्राणी शेजारी येऊन उभा राहतो. त्याच्या डोक्यावर फक्त एक पान आहे! थोरली त्याला वडिलांसाठी आणलेली छत्री देते. छत्रीवर थेंब पडतात. तो आवाज ऐकून तोतोरो खूश होतो. आधी आपणही त्या मुलींबरोबर वाट पाहिलेली असते. म्हणून त्या थेंबांची गंमत आपल्यालाही वाटते.

आता ही चित्रे हलतात कशी, ते पाहू. खरे तर एकही चित्र हलत नाही. चित्रपटाच्या फितीवर एका सेकंदासाठी २४ चौकटी असतात. एका चौकटीत हात खाली असतो, पुढच्या चौकटीत किंचित वर. चौकटी भराभर डोळ्यांसमोरून गेल्या, की हात वर गेला असे आपल्याला दिसते. पूर्वी हलणारी माणसे पारदर्शक पत्र्यांवर रंगवत. झाडे, घरे वेगळ्या कागदावर रंगवून त्याखाली ठेवत. त्यामुळे मागचा देखावा पुन्हा पुन्हा काढावा लागत नसे.

१ जानेवारी १९६३ रोजी ओसामु तेझुका यांची एका यंत्रमानव मुलाची मालिका जपानी दूरदर्शनवर सुरू झाली. दर आठवड्याला नवा भाग द्यायचा होता. पैसा आणि वेळ दोन्ही कमी होते. म्हणून एकच चित्र तीन चौकटींसाठी वापरण्याची पद्धत त्यांनी घेतली. म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी ८ चित्रे! कधी फक्त ओठ हलत, बाकी चेहरा स्थिर राही. अडचणीतून आलेल्या या स्थिरतेचा पुढे अनेक कलावंतांनी जाणूनबुजून, सुंदर उपयोग केला. खुशखत लिहिताना अक्षरांइतकीच मोकळी जागाही महत्त्वाची असते, हे तुम्हांला ठाऊक आहे. तसेच हे आहे.

अशी चित्रे आपल्या घरांतही येऊन गेली आहेत. 'जंगल बुक' ही मोगलीची जपानी मालिका १९९३ साली हिंदीतून दूरदर्शनवर आली. तिचे शीर्षकगीत उर्दूचे नामवंत कवी गुलजार यांनी लिहिले. घरातील मोठ्यांना विचारा. त्यांना ते अजून पाठ असेल.

चित्रांतून गोष्ट सांगण्याची कला आपल्याकडेही जुनी आहे. वेंगुर्ल्याहून कुडाळकडे जाताना पिंगुळी गाव लागते. तेथील ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी सादर करतात. ते कागदावर रंगवलेली चित्रे एकामागून एक दाखवतात आणि गात गात रामायण-महाभारतातील कथा सांगतात. चित्र स्थिरच असते. पण कलावंताच्या आवाजाने ऐकणाऱ्याच्या मनात ते चालू लागते. ही कला मागे पडत चालली होती. परशुराम गंगावणे यांनी ती जपली, गावात संग्रहालय उभे केले. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण कलावंत एकटा किती पुरणार? पाहणाराही हवा.

म्हणून यापुढे कार्टून पाहताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. काय हलते आहे? काय स्थिर आहे? आणि ते स्थिर का ठेवले आहे? एक प्रयोगही करा. जुन्या वहीच्या कोपऱ्यात, प्रत्येक पानावर थोडी थोडी पुढे सरकणारी होडी काढा. वीस-पंचवीस पाने झाली, की अंगठ्याने ती भराभर सोडा. होडी चालू लागेल. कागदावर ती जागची हललेली नसेल. ती चालेल तुमच्या नजरेत.