हजेरीपट कुठे आहे, चाचा?

२०१२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. रत्नागिरीतील आमच्या एका स्नेह्यांच्या बेकरीवर आम्ही सकाळी चहा घेत बसलो होतो. रात्रीची भट्टी उतरली होती, पावाच्या लाद्या गेल्या होत्या, फळीवर खारी आणि नानकटाईचे डबे लागत होते. एवढ्यात छत्री मिटवीत एक मध्यमवयीन गृहस्थ आत आले. त्यांनी ओळखपत्र दाखविले, आपण सरकारी कामगार अधिकारी असल्याचे सांगितले आणि अगदी शांतपणे विचारले, "हजेरीपट कुठे आहे, चाचा?"

चाचांचा चेहरा उतरला. त्यांच्याकडे उधारीची वही होती, मैद्याच्या गोण्यांचा हिशेब होता, लाकडाच्या गाड्यांचाही होता. हजेरीपट मात्र नव्हता. एका पोऱ्याने मागच्या दाराने दोघा कामगारांना बाहेर पिटाळले. अधिकाऱ्यांनी ते पाहिले, पण काही बोलले नाहीत. नंतर आम्हाला कळले की असे मागल्या दाराने गेलेले कामगार कोपऱ्यावरच्या टपरीवर उभे असतात आणि परतताना साहेब नेमके तेथेच थांबतात.

आपल्या व्यापारी बांधवांना हा माणूस दारात दिसला की सेल्स टॅक्सवाल्याची किंवा वजनमापवाल्याची आठवण होते. एक चहा, एक पाकीट, आणि बला टळली, असा आपला हिशेब. पाकीट घेणारे भेटत नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या दिवशी आलेल्या गृहस्थांनी चहासुद्धा घेतला नाही. या माणसाचे काम काय, तो काय बघतो आणि त्याच्या हातात किती असते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. आम्हालाही तेव्हा नव्हते.

प्रकरण असे होते. बेकरीत चाचांच्या चुलत बहिणीचा मुलगा सात वर्षे कामाला होता. रात्री दोनला उठून मैदा मळायचा, भट्टी लावायची, सकाळी लाद्या मोजून द्यायच्या. राहणे बेकरीच्या माळ्यावर, जेवण चाचांच्या घरी. ईदला कपडे. महिन्याला हातखर्च म्हणून काही रक्कम, ती कधी पाचला, कधी वीसला. पोराला आखातात जायची संधी आली. व्हिसाचे पैसे हवे होते. त्याने मामूंकडे मागितले तेव्हा मामू म्हणाले, "तुला जेवू घातले, माणूस केले, ते पैसे नाहीत काय?" पोरगा गप्प राहिला आणि कोणीतरी वाट दाखविली तसा कामगार कार्यालयाची पायरी चढला.

मोहल्ल्यात गहजब झाला. भाच्याने मामूवर सरकार आणले! जुम्याच्या नमाजानंतर चार जाणती माणसे दोघांना घेऊन बसली. त्या बैठकीत आम्हीही होतो. खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्ही चाचांच्याच बाजूने बोललो. घरचा मुलगा, त्याला कसला पगार?

कायद्याने मात्र याचा विचार आधीच करून ठेवला होता. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात मालकाच्या घरच्या माणसाला सूट होती, पण घरचा माणूस म्हणजे पती-पत्नी, मुले, आईबाप, भाऊ, बहीण. तेही मालकाजवळ राहणारे आणि त्याच्यावर अवलंबून असलेले. भाचा, पुतण्या, मेहुणा त्यात बसत नाहीत. आपल्याकडे तर अर्धे धंदे भाच्या-पुतण्यांवरच चालतात! चाचांचा दुसरा मुद्दा जेवणाचा होता. तोही टिकला नाही. किमान वेतन रोख द्यायचे असते, आणि राहण्याची सोय वेतनात मोजायची नाही, असे त्या कायद्यातच होते. वस्तुरूपाने वेतन द्यायचे तर सरकारने तशी अधिसूचना काढलेली लागे. माळ्यावरची पथारी आणि चाचींच्या हातचे जेवण हा चाचांचा मोठेपणा होता, पगार नव्हता. तिसरा मुद्दा आपण सगळेच काढतो, की तो स्वखुशीने कमी घेत होता. कायद्याचे २५ वे कलम सांगत होते की किमान वेतनाहून कमी घेण्याचा करार केला तरी तो रद्दबातल. स्टँपपेपरवर सही घेतली तरी फुकट.

बेकरी, शिवणकाम, हॉटेल, दुकाने, लाकूड गिरणी, काजू असे धंदे महाराष्ट्रात त्या कायद्याखालील अनुसूचित रोजगारांच्या यादीत येत असत. प्रत्येकाचे कुशल, अर्धकुशल, अकुशल असे दर ठरतात. मूळ दरावर विशेष भत्ता असतो आणि महागाईचा निर्देशांक पाहून तो जानेवारीत आणि जुलैत बदलतो. मूळ दर तसाच राहिला तरी हा भत्ता वर चढत असतो, हे आपल्या लक्षात राहत नाही. नगावर काम देणाऱ्या टेलर मास्तरांनी तर विशेष जपावे. नगाचा दर कितीही ठरवा, दिवसभराच्या कामाचे किमान वेतन पडलेच पाहिजे.

पुढे त्या अधिकाऱ्यांशी आमची ओळख वाढली. ते आता निवृत्त झाले आहेत. मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुके, आणि फिरायला एस.टी. पावसात रस्ता खचला की दापोलीची तारीख चुकली. त्यांचे म्हणणे असे की तपासणीत कागद नंतर, माणूस आधी. कामगाराला मालकासमोर विचारले तर तो "सगळे बरोबर आहे साहेब" म्हणणारच. म्हणून बाजूला घ्यायचा, आणि पगार किती हे न विचारता घरी मनिऑर्डर किती पाठवतोस ते विचारायचे. त्यावरून उलटा हिशेब लागतो. पगारपत्रकावर बाराही महिन्यांच्या सह्या एकाच शाईने, एकाच दमात केलेल्या दिसल्या की ते पुस्तक काल रात्री लिहिलेले आहे हे समजावे. ज्या दिवशी अख्खे शहर बंद होते त्या दिवशी सर्व कामगार हजर दाखविणारे हजेरीपटही त्यांनी पाहिले होते. तक्रार कोणी केली हे ते कधीच सांगत नसत. १९४७ च्या आंतरराष्ट्रीय श्रम तपासणी करारातच तसे बंधन आहे, आणि भारताने तो करार १९४९ साली मान्य केला.

हा अधिकारी न्यायाधीश नव्हे, हे मात्र नीट समजून घ्यावे. तो तपासतो, शेरा लिहितो, दावा लावू शकतो, खटल्याची शिफारस करतो. फरकाची रक्कम किती आणि भरपाई किती हे ठरविणारा प्राधिकारी वेगळा. भरपाई फरकाच्या दहापटीपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे "साहेब, तुम्हीच मिटवून टाका" म्हणणाऱ्याला त्यांचे उत्तर ठरलेले होते, की मिटवतो, पण किमान वेतनाखाली मिटवायचा अधिकार मलाही नाही.

हे पद आपल्या कोकणाशी फार जवळून जोडलेले आहे. मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेल्यांचा भरणा मोठा होता. १९३४ च्या गिरणी संपानंतर मुंबई सरकारने तंटे मिटविण्याचा कायदा केला आणि त्यात कामगार अधिकारी हे पद आले. गिरणीवाल्यांची गाऱ्हाणी ऐकून ती मालकांपुढे मांडणे हे त्याचे काम. पगार वेळेवर देण्याचा कायदा १९३६ चा. किमान वेतनाचे विधेयक १९४६ च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या कायदेमंडळात मांडणारे मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचे मूळ गाव आंबडवे आपल्या मंडणगड तालुक्यात आहे. पुढे १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे म्हणजे वेठबिगारीच, असा निर्णय दिला. वेठबिगारी हा शब्द आपल्या भट्टीला किंवा शिलाई मशीनला लागू होईल असे आपल्याला स्वप्नातही वाटत नाही.

मिरकरवाड्याच्या धंद्यात हा शब्द तर अगदी उंबरठ्यावर उभा असतो. ३१ जुलैला मासेमारीची बंदी उठते, त्याआधी खलाशांना उचल द्यावी लागते. नेपाळकडचा किंवा कर्नाटकातला खलाशी उचल घेऊन दुसऱ्याच्या बोटीवर गेला की मालक हवालदिल होतो, आणि त्याचे दुःख खोटे नसते. पण उचल फिटेपर्यंत माणसाला अडकवून ठेवणे, त्याचे कागद काढून घेणे, हे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली सरळ फौजदारीत जाते. उचल लिहून द्यावी, दर महिन्याला किती कापणार ते लिहावे, आणि पळाला तर दिवाणी वाट धरावी. आंब्याच्या बागेत राखणदार ठेवणाऱ्यांनाही हेच. जांभ्या दगडाच्या चिरेखाणी असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी की खाण म्हटली की किमान वेतनाचा विषय केंद्र सरकारच्या कामगार खात्याकडे जातो. तेथे राज्याचे दर दाखवून भागत नाही.

आम्ही चाचांच्या बाजूने बोललो हे वर सांगितले. त्या रात्री घरी आल्यावर आम्हाला आमचेच जुने दिवस आठवले. तरुणपणी मुंबईत एका छापखान्यात आम्ही खिळे जुळवीत होतो. सोडताना शेवटच्या महिन्याचा पगार राहिला. मालक म्हणाले, पुढच्या आठवड्यात या. आम्ही चार आठवडे गेलो. पाचव्या आठवड्याला गाडीभाड्याचे पैसे उरले नव्हते. कामगार कार्यालय नावाची काही जागा असते आणि तेथे अर्जाला वकील लागत नाही, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. त्या मालकांचाही आमच्यावर जीव होता. मुलाच्या लग्नाला त्यांनी आम्हाला आवर्जून बोलावले होते.

भाच्याच्या दाव्यात मोठी अडचण मुदतीची आली. त्या वेळी दावा सहा महिन्यांच्या आत लावायचा असे. उशिराला सबळ कारण दाखविता आले तर प्राधिकारी मुदत वाढवू शकत होते, पण माहीत नव्हते एवढ्या कारणावर सात वर्षे मागे जाणे कठीण. अधिकाऱ्यांनी पोराला हे स्पष्ट सांगितले. पोराने मान खाली घातली. मग चाचांकडे वळून ते म्हणाले की या सहा महिन्यांचा फरक पूर्ण द्यावा लागेल, त्यात एक रुपया कमी चालणार नाही. जादा कामाचे पैसे दुप्पट दराने धरावे लागतील. बाकीचे तुमच्या मनावर. चाचांनी पहिला हप्ता त्यांच्यासमोर दिला, दुसरा महिन्याभराने. मागच्या साडेसहा वर्षांचे काहीच दिले नाही. कायद्याने द्यायचे नव्हतेही. पोराने सही केली आणि बहिणीचे दागिने गहाण ठेवून व्हिसा केला.

त्यानंतर बरेच बदलले. २०१४ साली केंद्राने संगणकाने निवडलेल्या तपासण्या आणि बहात्तर तासांत अहवाल अशी पद्धत आणली. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला आणि १९४८ चा जुना गेला. त्यात निरीक्षक जाऊन सुविधाकार आला. आणि २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, तेव्हा १९३६ आणि १९४८ हे दोन्ही वेतन कायदे त्यात विरले. इन्स्पेक्टर गेला म्हणून काही व्यापारी मित्रांनी आनंद व्यक्त केला. आम्ही त्यांना संहिता वाचायला सांगतो. निरीक्षक गेलेला नाही, त्याच्या नावापुढे सुविधाकार जोडले आहे. काही चुकांना आधी सुधारण्याची संधी मिळते, हे खरे. पण दाव्याची मुदत सहा महिन्यांवरून तीन वर्षांवर गेली आहे. पगार दिला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी आता मालकावर आहे. काम सोडले किंवा सोडविले तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा आहे. कमी वेतन दिल्याबद्दल पन्नास हजारांपर्यंत दंड आहे आणि पाच वर्षांत पुन्हा तेच केले तर तीन महिन्यांपर्यंत कैदही. वस्तुरूपाने दिलेले काही प्रमाणात वेतनात धरता येते, पण पंधरा टक्क्यांपर्यंतच. ज्याच्याकडे हजेरीपट नाही त्याने तीन वर्षांनी आपण काय दिले हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

आपल्या शिकलेल्या मुलांनी या नोकरीकडे अवश्य पाहावे, असेही आम्हाला वाटते. परळच्या नारायण मेघाजी लोखंडे श्रम विज्ञान संस्थेत या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. धंद्यात वाढलेल्या मुलाला पगारपत्रकावरच्या सह्यांची शाई लवकर ओळखता येईल.

चाचांची बेकरी चालू आहे. काउंटरमागे खिळ्याला हजेरीपट अडकवलेला असतो, शेजारी जानेवारी-जुलैच्या दरांचा कागद. भाचा तीन वर्षांनी रजेवर आला तेव्हा मामूंना भेटायला गेला. आम्ही तेथेच होतो. चाचींनी जेवायला वाढले. निघताना चाचांनी गल्ल्यातून एक पाकीट काढून त्याच्या खिशात घालायचा प्रयत्न केला. त्याने ते घेतले नाही. म्हणाला, "मामू, वहीत लिहून द्या, मग घेतो." चाचा थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिले, मग चष्मा शोधू लागले.