घरात टेलिफोनचा दुसरा सॉकेट

आपल्या बांधवांपैकी पुष्कळांचा धंदा घरातूनच चालतो. खाली लूम किंवा शिलाई मशीन आणि वर बिऱ्हाड. १९९५ साली देशात मोबाइल सुरू झाला, तरी पाटीवर आणि बिलबुकावर छापलेला जुना लँडलाइन नंबर काहींनी अजून जपला आहे. मात्र फोन वर वाजतो आणि मशीनच्या आवाजात खाली ऐकू येत नाही. परगावचे गिऱ्हाईक एकदोनदा वाट पाहते, मग दुसरे दुकान धरते. त्याच लाइनवर दुसरा सॉकेट घेणे हा यावर स्वस्त उपाय आहे.

तांब्याच्या लाइनीत एका फोनला दोनच तारा लागतात. भिंतीवरच्या ज्या डबीला लाइनमन रोझेट म्हणतात, तिच्या दोन स्क्रूंवर त्या आवळलेल्या असतात. त्याच स्क्रूंवर नव्या वायरच्या दोन तारा जोडून नव्या डबीपर्यंत न्याव्यात. दोन्हीकडे रंग तेच ठेवावेत. यालाच पॅरलल म्हणतात. एक तार मध्येच तोडून फोन बसवू नये.

काम सुरू करण्यापूर्वी बाहेरून येणारी जोडी सोडून तिची टोके वेगवेगळी ठेवावीत. फोन ठेवलेला असताना लाइनीवर सुमारे ४८ व्होल्ट असतात आणि घंटी वाजताना सुमारे ७५, म्हणजे झटका बसतो. ओल्या हाताने किंवा विजा कडकडत असताना हे काम करू नये. फोनची वायर दिव्याच्या वायरसोबत एकाच पाइपातून नेऊ नये. धोका आहे आणि फोनमध्ये गुणगुणही येते. डबीच्या बाहेरची लाइन कंपनीची, तिला हात लावू नये.

तांब्याच्या लाइनवर ब्रॉडबँड असेल तर नवा सॉकेट स्प्लिटरच्या फोनच्या बाजूने घ्यावा. फायबर असेल तर भिंतीवरच्या यंत्रातील फोनच्या भोकातून वायर काढावी, पण जुनी तांब्याची जोडी आधी घरच्या वायरिंगपासून तोडावी. फायबरचा फोन घरच्या विजेवर चालतो, तेव्हा लोडशेडिंगसाठी यंत्र इन्व्हर्टरवर ठेवावे. एका लाइनवर फार फोन लावले तर घंटी मंदावते.

एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. पॅरलल फोनवर एकाचे बोलणे दुसऱ्याला ऐकू येते. आमच्या कापडाच्या धंद्यात भाव आणि उधारी फोनवर ठरतात, आणि समोरच्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही अमानत असते. कारागिरांना व मुलांना तशी ताकीद द्यावी. कामच तसे असेल तर पॅरललऐवजी छोटा इंटरकॉम बसवावा. एक रिसीव्हर वाकडा राहिला तरी सगळी लाइन एंगेज राहते, हेही ध्यानात ठेवावे.

शेवटी दोन्ही फोनवर डायल टोन ऐकावा, मोबाइलवरून आपलाच नंबर लावून दोन्ही घंट्या तपासाव्यात आणि मगच डबीचे झाकण लावावे.