आगगाडीच्या डब्यांचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळासाठी वापरतो. फार तर एखाद्या धर्मशाळेसाठी किंवा नदीवरच्या घाटासाठी. आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्याचा कोणी जीर्णोद्धार करील, आणि तोही मजुरी न घेता, आपला रविवार खर्चून, हे ऐकून प्रथम हसूच येईल. परंतु ब्रिटनमध्ये हे काम सत्तरांहून अधिक वर्षे अव्याहत चालू आहे. ते करणारी माणसे कोण, ती नेमके काय करतात आणि कोठे अडतात, हे संस्था चालविणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींस जाणून घ्यावेसे वाटेल, अशा समजुतीने हा लेख ह्या स्मरणिकेसाठी लिहिला आहे.

आरंभ वेल्समध्ये झाला. तेथे समुद्रकाठच्या टिवन गावापासून डोंगरातील पाटीच्या दगडाच्या खाणीकडे जाणारी टॅलिलिन नावाची छोटी रेल्वे आहे. दोन रुळांमधले अंतर अवघे २ फूट ३ इंच. तिचे मालक सर हेन्री हेडन जोन्स १९५० साली वारले, तेव्हा ती बंद पडणार हे उघड दिसत होते. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला एल. टी. सी. रोल्ट ह्या लेखकाने व त्याच्या मित्रांनी बर्मिंगहॅम येथे सभा बोलाविली, तीतून मंडळ उभे राहिले, आणि १४ मे १९५१ रोजी मंडळाची पहिली गाडी सुटली. स्वयंसेवकांनी वाचवून चालविलेली जगातील ही पहिली रेल्वे होय. पुढे इंग्लंडात ससेक्स परगण्यात ब्लूबेल रेल्वेचे मंडळ १९५९ साली निघाले व ७ ऑगस्ट १९६० पासून त्यांच्या गाड्या धावू लागल्या. त्यांची पहिली मिळकत म्हणजे १८७५ साली बांधलेले ‘स्टेपनी’ नावाचे एक लहानसे इंजिन आणि दोन डबे.

इंजिन आणि डबे हा क्रम आम्ही मुद्दाम लिहिला. सगळीकडे तोच क्रम असतो. इंजिनाला नाव असते, ते धूर सोडते, शिटी वाजविते, मुले त्याच्यापुढे फोटो काढून घेतात; त्यासाठी वर्गणीही लवकर जमते. डबा मुकाट्याने मागून येतो. खरे पाहता इंजिन लोखंडाचे. ते चार वर्षे उघड्यावर राहिले तर गंजेल, पण अगदीच नाहीसे होणार नाही. जुना डबा लाकडाचा. छपरावरचे कापड एका जागी फाटले की पाणी आत शिरते, फळ्यांच्या मागून उतरत बुडाच्या तुळईपर्यंत जाते आणि तेथे मुरते. बाहेरून रंग शाबूत दिसतो, आणि आतली तुळई बोटाने उकरता येते. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेचे १८९८ ते १९०० च्या सुमारास बांधलेले चार डबे ब्लूबेलने १९६१ साली घेतले. ते काही वर्षे चालविले, मग दुरुस्तीवाचून बाजूला पडले, आणि त्यांतले पहिले डबे नीट होऊन पुन्हा रुळांवर यावयास १९९९ साल उजाडले. अनुभवाने शहाणी झालेली ही मंडळी हल्ली डब्यासाठी पैसे मागण्याआधी शेडसाठी मागतात. हॉर्स्टेड कीन्स स्टेशनात त्यांनी डब्यांवर छप्पर घालण्यासाठी मोठी मोहीम काढली. देणगीदाराला छपराचे कौतुक थोडेच असते! तरीही ते पैसे जमविले गेले, ह्याचे आम्हांस फार अप्रूप वाटते.

सर्वच डबे रुळांवरून येतात असे नाही. इंग्लंडातील रेल्वे कंपन्या डबा जुना झाला की खालचा लोखंडी गाडा व चाके काढून घेत, आणि वरचे लाकडी घर थोड्या किंमतीस विकून टाकीत. लाकूड उत्तम, दारे-खिडक्या तयार. गिऱ्हाइकांना तोटा नसे. कोणी ते समुद्रकाठी ठेवून त्यात बिऱ्हाड केले, कोणी शेतात कोंबड्यांचे खुराडे केले, कोणी अवजारांची खोली. पुढे वरून पत्र्याचे दुसरे छप्पर आले, भोवती भिंती आल्या, आणि त्या आच्छादनाखाली डबा नकळत जपला गेला. रुळांवर राहिलेले त्याचे भाऊबंद मात्र धातूसाठी जाळले गेले. घरातली म्हातारी माणसे गेली, जागा विकली गेली, की पाडणारा येण्यापूर्वी स्वयंसेवकांना निरोप पोहोचावा लागतो. नाही पोहोचला, तर शंभर-सव्वाशे वर्षांची वस्तू एका दुपारी सरपण होते.

वेळेवर पोहोचले तर क्रेनने डबा उचलून कारखान्यात आणावयाचा. त्याला चाके नसतातच. तेव्हा एखाद्या जुन्या पार्सल-डब्याचा लोखंडी गाडा मिळवून तो लांबीला कापून किंवा वाढवून खाली बसवितात. नंतर खरे काम सुरू होते, आणि त्याची पहिली पायरी म्हणजे हत्यार न उचलणे. प्रत्येक बाजूचे फोटो घ्यावयाचे, मापे टिपावयाची, सुटणाऱ्या प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी बांधावयाची. रंग खरवडतानाही एकदम नाही. थरामागून थर, म्हणजे कोणत्या काळी कोणता रंग होता ते कळते, आणि मधूनच जुना क्रमांक किंवा वर्गाचा आकडा वर येतो. फळ्यांच्या पाठीवर कधी कधी मूळ सुताराची पेन्सिलीची खूणही सापडते.

मग सुतारकाम. ह्या डब्यांच्या बाजू सरळ नसतात. खालच्या अंगाला त्या किंचित आत वळलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक खांब वक्र कापावा लागतो. कुजलेला खांब टाकून द्यावयाचा नाही; त्यावर नवे लाकूड ठेवून रेघ मारावयाची व बरोब्बर तसाच दुसरा करावयाचा. जुन्याचे वरचे अर्धे चांगले असेल तर तेवढे ठेवून खाली नवा तुकडा खाचेत बसवून जोडतात. सांगाड्याला ओक किंवा सागवान, बाहेरच्या फळ्यांना बहुधा महोगनी किंवा सागवान. सागवान म्हटल्यावर आपल्याकडचे वाचक सरसावून बसतील, आणि ते योग्यच आहे. ब्रिटिश डब्यांतील पुष्कळसे सागवान ब्रह्मदेशातून जात असे. छपरावर फळ्या, फळ्यांवर कॅनव्हास. तो पूर्वी जवसाच्या तेलात कालवलेल्या सफेत्यावर चिकटवीत. सफेत्यातले शिसे विषारी, म्हणून हल्ली बहुधा दुसरे द्रव्य वापरतात.

रंगाचे काम सर्वांत कंटाळवाणे. अस्तर, पुटी, घोटाई, पुन्हा अस्तर, मग रंग, मग व्हार्निश, असे दहा-पंधरा हात सहज होतात. प्रत्येक हात वाळला पाहिजे आणि पॉलिश-कागदाने घासला पाहिजे. अखेरीस सोन्याच्या वर्खाची अक्षरे. आत घोड्याच्या केसांनी भरलेल्या गाद्या, जुन्या नमुन्याबरहुकूम विणून घेतलेले कापड, सामान ठेवण्याच्या जाळ्या, आणि दाराच्या खिडकीला चामड्याचा भोके पाडलेला पट्टा. हा पट्टा ओढून खिडकी वर घ्यावयाची, आणि हवी त्या उंचीवर भोक खुंटीत अडकवावयाचे. पितळी मूठ हरवली असेल तर दुसऱ्या डब्याची मागून आणून, तिचा साचा करून नवी ओततात. एका डब्यापायी माणसांचे हजारो तास जातात. आठ-दहा वर्षे लागली तर कोणी दचकत नाही.

हे करणारे बहुतेक जण सुतार नव्हेत. निवृत्त शिक्षक, बँकेतले कारकून, इंजिनियर, गृहिणी, कॉलेजातली मुले. एक-दोन पगारी कारागीर देखरेखीस असतात, त्यांच्या हाताखाली बाकीचे शिकतात. निवृत्तांचा जथा आठवड्यातील वारी येतो, नोकरीवाल्यांचा शनिवार-रविवारी. त्यामुळे एकाने अर्धवट ठेवलेले काम दुसऱ्याने न विचारता पुढे नेता यावे, म्हणून नोंदवही काटेकोर ठेवावी लागते. आणि खरी चिंता येथेच आहे. साठीला कामास लागलेला गृहस्थ तो डबा चालू होईल तेव्हा त्यात बसावयास असेलच असे नाही. वक्र फळी कशी वाकवावी, वर्ख कसा धरावा, ही विद्या पुस्तकातून येत नाही. शेजारी उभे राहून पाहावी लागते. तरुण मंडळी इंजिनाकडे धावतात. डब्यांच्या शेडमध्ये पिकलेली डोकी अधिक.

त्यांच्यात एक जुना वादही आहे. कुजलेले काढून नवे घालीत गेले, तर शेवटी जुना डबा राहिला किती? संग्रहालयवाले म्हणतात, मूळ लाकूड, मूळ रंग हाच पुरावा. त्याला हात लावू नका. चालविणारे म्हणतात, माणसे बसवावयाची तर सांगाडा मजबूतच हवा. आमचे मत विचाराल तर दोन्ही प्रकारचे डबे हवेत. पण कोंबड्यांच्या खुराड्यातून आलेल्या डब्यापुरते दुसऱ्या पक्षाचेच खरे. न चालणारा डबा लोक खिडकीतून पाहतात आणि पुढे जातात.

पैशाची एक युक्ती सांगण्यासारखी आहे. यॉर्कशायरमध्ये डब्यांसाठीच १९६५ साली स्वयंसेवकांची एक संस्था निघाली, तीच व्हिंटेज कॅरिजेस ट्रस्ट; १९९० साली त्यांनी इनग्रो स्टेशनाजवळ आपले संग्रहालय उघडले. त्यांच्याकडे १८७६ सालचा एक चारचाकी डबा आहे, ज्यात तिन्ही वर्गांचे कप्पे एकापुढे एक आहेत. एकाच छपराखाली गाद्यांचा फरक पाहावा. हे डबे ते चित्रपट व दूरचित्रवाणीच्या कामासाठी भाड्याने देतात, आणि ते भाडे पुढच्या डब्याच्या लाकडाला लागते.

ज्युबिलीच्या अंकात ‘ज्युबिली’ डबा राहून कसा चालेल? व्हिक्टोरिया राणीच्या १८८७ च्या सुवर्णमहोत्सवावरून मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या काही डब्यांना हे नाव पडले. त्यांपैकी १८९२ साली बांधलेला ३५३ क्रमांकाचा पहिल्या वर्गाचा डबा आधी दुसऱ्या एका छोट्या रेल्वेला विकला गेला, नंतर चाकांवाचून दुकान म्हणून वापरला गेला, आणि १९७४ साली वाचविला गेला. पुढे देणग्या व सरकारी लॉटरीनिधी मिळून वेल्समधील बोस्टन लॉज कारखान्यात तो नवा करण्यात आला. जानेवारी २०१३ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेला १५० वर्षे झाली, तेव्हा तो वाफेच्या इंजिनामागे भुयारातून धावला, आणि ब्लूबेलचे वर सांगितलेले डबेही त्याच गाडीला होते.

आता थोडे घराकडे. खंडेराव महाराजांच्या कारकीर्दीत १८६२ साली डभोई ते मियागाम छोटी रेल्वे निघाली. रूळ इतके हलके की गाड्या बैल ओढीत, आणि इंजिने पुढे १८७३ साली आली. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गायकवाडांचा १८८६ सालचा सलून आजही पाहावयास मिळतो. तो मुंबईस परळच्या कारखान्यात बांधला होता. तो राखला हे उत्तम झाले. परंतु त्याच काळी डभोईच्या गाडीत कापसाच्या गासड्यांशेजारी, मुलाबाळांना मांडीवर घेऊन बसलेल्या आपल्या पणज्या-खापरपणज्यांचा लाकडी डबा कोठे आहे? शिंद्यांच्या ग्वाल्हेरची श्योपूरला जाणारी २ फुटी गाडी तर २०२० पर्यंत चालत होती. तिच्या छपरावर बसून प्रवास केलेली माणसे आपल्या नात्यागोत्यांत आहेत. राजाचा डबा जपावयास सरकार असते. तिसऱ्या वर्गाचा डबा जपावयास शेजारीपाजारीच लागतात. ब्लूबेलच्या शेडमध्ये तेच घडते आहे.

आपल्या कुटुंबांतली बरीच मुले हल्ली लंडनला शिकावयास वा नोकरीस आहेत. त्यांच्यासाठी एवढेच लिहून ठेवतो की, लंडनहून ईस्ट ग्रिन्स्टेडपर्यंत साधी गाडी जाते, आणि ब्लूबेलचे रूळ मार्च २०१३ पासून तेथपर्यंत आले आहेत. हॉर्स्टेड कीन्सला उतरावे. जुन्या कप्प्यांच्या डब्यात बसावयास मिळाले तर उतरताना आत मूठ शोधू नये, ती पुष्कळदा बाहेरच असते. चामड्याचा पट्टा सोडून खिडकी खाली घ्यावी, हात बाहेर घालावा, आणि दार उघडावे.