जलप्रवासातील सुरक्षितता आणि प्रवाशाची वैयक्तिक जबाबदारी : क्रूझ पर्यटन व शैक्षणिक सहलींच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

बुलढाणा जिल्हा समुद्रकिनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या आश्रयाने वसलेला आहे. पैनगंगा, पूर्णा, खडकपूर्णा, नळगंगा या नद्या आणि त्यांवरील धरणे एवढाच येथील जनजीवनाचा मोठ्या जलाशयांशी संबंध येतो. त्यामुळे जलप्रवासाची सुरक्षितता हा विषय या भागातील अध्यापकांना प्रथमदर्शनी दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मात्र तो तसा नाही. मलकापूर, नांदुरा, शेगाव येथून रेल्वेने मुंबईस जाणाऱ्या शैक्षणिक सहलींचा एक दिवस घारापुरी, अलिबाग किंवा जंजिरा यांसाठी राखून ठेवलेला असतो. मुंबईहून निघणाऱ्या क्रूझ जहाजांमुळे मध्यमवर्गीय कुटुंबांनाही समुद्रपर्यटनाचे आकर्षण वाटू लागले आहे. किनाऱ्यावरील मुलाला लाटा, भरती-ओहोटी आणि नौकेचा तोल यांचे ज्ञान घरातूनच मिळते. घाटावरील विद्यार्थ्याला ते तसे मिळत नाही. ते जाणीवपूर्वक द्यावे लागते.

जलप्रवासातील सुरक्षिततेसाठी शासन, जहाजमालक आणि कर्मचारी यांच्या जबाबदाऱ्या कायद्याने निश्चित केलेल्या आहेत. तथापि सुरक्षिततेची साधने उपलब्ध असणे आणि ती योग्य वेळी वापरली जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या दोहोंमधील अंतर प्रवाशाच्या वर्तनाने भरून निघते. प्रस्तुत लेखात हे अंतर कोठे निर्माण होते आणि ते कसे कमी करता येईल याचा विचार केला आहे.

नौकेचा तोल आणि प्रवासी

कोणतीही नौका पाण्यावर स्थिर राहते ती तिचे वजन आणि पाण्याचा वर ढकलणारा जोर यांच्यातील समतोलामुळे. वजन जितके खालच्या भागात असेल तितकी नौका स्थिर असते. प्रवासी वरच्या डेकवर गर्दी करू लागले की नौकेचा गुरुत्वमध्य वर सरकतो. एका बाजूला धावले की तो बाजूला सरकतो. अशा वेळी डेकवर पाणी आलेले असेल तर तेही कललेल्या बाजूकडेच वाहते आणि कल अधिक वाढवते. याचा अर्थ असा की, नौकेवरील प्रवासी हा केवळ वाहून नेला जाणारा माल नसून तिच्या स्थैर्याचा एक घटक असतो. मोठ्या जहाजाच्या तुलनेत प्रवाशांचे वजन नगण्य ठरते. परंतु लहान लाँचवर पन्नास माणसांची एकाच वेळी झालेली हालचाल निर्णायक ठरू शकते.

'रामदास' बोटीची दुर्घटना हे महाराष्ट्रातील याचे सर्वांत दुःखद उदाहरण होय. दि. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सुमारास, ही बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसकडे निघाली. सणासाठी गावी जाणाऱ्या प्रवाशांनी ती भरलेली होती. काशाच्या खडकाजवळ ती पावसाळी समुद्राच्या लाटांत सापडली. उपलब्ध वर्णनांनुसार बोटीत पाणी शिरताच घाबरलेले प्रवासी दुसऱ्या बाजूस धावले आणि पुढच्या लाटेबरोबर बोट उलटली. सहाशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नसल्यामुळे दुर्घटनेची वार्ता मुंबईस पोहोचण्यास काही तास लागले. वाचलेल्यांपैकी अनेकांना रेवसकडील कोळी बांधवांनी आपल्या होड्यांत घेतले. पावसाळ्यात बोट सोडण्याचा निर्णय किंवा संदेशयंत्रणेचा अभाव यांना प्रवासी जबाबदार नव्हते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. मात्र संकटाच्या क्षणी काय करावे हे कोणालाही सांगितलेले नव्हते आणि त्या अज्ञानाने हानी वाढवली.

आंतरराष्ट्रीय नियमांची जडणघडण

प्रवासी जहाजांच्या सुरक्षिततेचे नियम मुख्यत्वे मोठ्या दुर्घटनांमधून घडत गेले. एप्रिल १९१२ मध्ये बुडालेल्या 'टायटॅनिक' जहाजावर सुमारे २,२०० लोक होते आणि जीवरक्षक होड्यांत सुमारे १,१८० जणांचीच सोय होती. हा दोष सर्वपरिचित आहे. त्याहून कमी परिचित बाब अशी की, पहिली होडी ६५ जणांसाठी असूनही तीस माणसेसुद्धा न घेता खाली सोडली गेली. धोका खरा आहे यावर प्रवाशांचा विश्वासच बसत नव्हता. या दुर्घटनेनंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याची १९७४ मधील आवृत्ती, वेळोवेळीच्या दुरुस्त्यांसह, आज लागू आहे.

दि. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे क्रूझ जहाज खडकावर आदळले. जहाजावर चार हजारांहून अधिक लोक होते. त्यांपैकी ३२ जणांचा मृत्यू झाला. कप्तानाचा दोष न्यायालयात सिद्ध होऊन त्यास १६ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. परंतु आणखी एक त्रुटी यानिमित्ताने उघड झाली. त्या वेळच्या नियमानुसार प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांच्या आत आपत्कालीन सराव घेणे पुरेसे होते. त्यामुळे त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. पुढे हा नियम बदलला आणि जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच सराव घेणे २०१५ पासून बंधनकारक झाले.

या सरावात प्रवाशाला संकटकाळी एकत्र जमण्याची जागा, लाइफ जॅकेट बांधण्याची पद्धत आणि धोक्याच्या भोंग्याची खूण सांगितली जाते. सात वा अधिक आखूड भोंगे व त्यानंतर एक दीर्घ भोंगा ही ती खूण होय. अनेक प्रवासी या सरावाकडे सहलीतील व्यत्यय म्हणून पाहतात. वस्तुतः तिकिटाच्या रकमेत मिळणारी सर्वांत मोलाची सेवा हीच असते.

क्रूझ जहाजावरील वैयक्तिक वर्तन

क्रूझ जहाज हे तरंगते नगर असते. तेथे अग्निशमन दल, रुग्णालय व सुरक्षारक्षक ही सर्व व्यवस्था जहाजावरचीच असते. बाहेरची मदत येण्यास वेळ लागतो. म्हणूनच एका व्यक्तीच्या निष्काळजीपणाचे परिणाम सर्वांना भोगावे लागतात. मार्च २००६ मध्ये कॅरिबियन समुद्रात 'स्टार प्रिन्सेस' या जहाजाच्या सज्जांना आग लागली आणि धुरामुळे एका प्रवाशाचा मृत्यू झाला. विझवल्याविना टाकलेली सिगारेट हे त्या आगीचे संभाव्य कारण चौकशीत मानले गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानमध्ये विलगीकरणात ठेवलेल्या 'डायमंड प्रिन्सेस' जहाजावरील सुमारे ३,७०० जणांपैकी सातशेहून अधिक जणांना कोरोनाची बाधा झाली. हात धुणे, आजाराची लक्षणे न लपवता डॉक्टरांना कळवणे या गोष्टी अशा ठिकाणी वैयक्तिक सवयी राहत नाहीत. त्या सामुदायिक कर्तव्य बनतात.

ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' या जहाजाची सेवा सुरू झाली. उद्घाटनप्रसंगी जहाजाच्या पुढील टोकाशी, कठड्यापलीकडे बसून छायाचित्र घेण्याचा प्रकार वृत्तवाहिन्यांवरून राज्यभर पाहिला गेला आणि त्यावर टीकाही झाली. त्या प्रसंगी कोणास इजा झाली नाही. परंतु जहाजाच्या कठड्याची मर्यादा ही सर्वांसाठी सारखीच असते, तिथे पद वा प्रतिष्ठा उपयोगी पडत नाही, एवढा बोध त्यातून निश्चितच घेता येतो. चालत्या जहाजावरून पडलेल्या माणसाला शोधणे अत्यंत कठीण असते. कोणी पडल्याचे दिसल्यास ताबडतोब ओरडून कर्मचाऱ्यांना कळवणे, तरंगणारे कडे पाण्यात फेकणे आणि त्या माणसावरून नजर न हटवणे हे प्रत्येक प्रवाशाने लक्षात ठेवावे.

लहान नौकांचा प्रश्न

मोठ्या जहाजावर सराव सक्तीचा असतो. बंदरातील लाँच आणि पर्यटक नौका मात्र वरील आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत येत नाहीत. आपल्या राज्यातील किनाऱ्यावर त्यांचे नियमन प्रामुख्याने १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. बुलढाण्याचा विद्यार्थी आयुष्यात क्रूझ जहाजावर चढेल किंवा न चढेल, पण लाँचमध्ये तो बसण्याची शक्यता पुष्कळ आहे. जेथे सराव सहसा घेतला जात नाही, तेथेच त्याला स्वतःच्या समजुतीवर अवलंबून राहावे लागते. या विषयातील विसंगती हीच आहे.

दि. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली बोट उलटली व तीन विद्यार्थिनींचा मृत्यू झाला. छायाचित्र घेण्यासाठी विद्यार्थी एका बाजूस जमल्याचे आणि त्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नसल्याचे त्या वेळच्या वृत्तांत नमूद आहे. दि. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' या बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी सुरू होती. या दुर्घटनेत १५ जणांना प्राण गमवावे लागले. टक्कर हा प्रवाशांचा दोष नव्हता. परंतु बोटीवर परवानगीपेक्षा अधिक प्रवासी होते आणि अनेकांनी लाइफ जॅकेट घातलेले नव्हते, अशी माहिती पुढे आली. त्यानंतर प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचे करण्यात आले.

नदीवरचा प्रवासही याला अपवाद नाही. दि. १४ सप्टेंबर २०२१ रोजी शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, वरूड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचा बळी गेला.

जबाबदारीची मर्यादा

वैयक्तिक जबाबदारीचा आग्रह धरताना एक धोका टाळला पाहिजे. दुर्घटनेनंतर दोष प्रवाशांच्या माथी मारून मालक व यंत्रणा यांनी मोकळे व्हावे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. असुरक्षित किंवा अतिभारित नौकेतून भाडे घेऊन प्रवासी नेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८४ नुसार गुन्हा आहे.

जबाबदारी म्हणजे केवळ आज्ञापालनही नव्हे. दि. १६ एप्रिल २०१४ रोजी दक्षिण कोरियात 'सेवॉल' ही फेरीबोट बुडाली. तीवरील ३०४ मृतांपैकी २५० जण सहलीस निघालेले एकाच शाळेचे विद्यार्थी होते. जहाज कलत असताना जागेवरच थांबण्याची सूचना ध्वनिक्षेपकावरून दिली जात होती आणि शिस्तीच्या मुलांनी ती पाळली. म्हणून प्रवाशाला सूचना पाळण्याइतकीच बाहेर पडण्याची वाट स्वतः माहीत असणेही आवश्यक आहे.

हेच तत्त्व रस्त्यावरही लागू पडते, याची जाणीव बुलढाणा जिल्ह्याला दि. १ जुलै २०२३ रोजी झाली. सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुटा येथे समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली व २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. बस दरवाजाच्या बाजूवर पडल्याने नेहमीचा मार्ग बंद झाला. काही जण खिडकीची काच फोडून बाहेर पडू शकले. मध्यरात्री झोपेत असलेल्या मृतांना कोणताही दोष देता येणार नाही. परंतु वाहन कोणतेही असो, नेहमीचा मार्ग बंद झाल्यास दुसरा कोणता, हा प्रश्न प्रवास सुरू होण्यापूर्वीच विचारला पाहिजे.

सहलप्रमुख अध्यापकांचे कर्तव्य

सहलीत विद्यार्थ्याची वैयक्तिक जबाबदारी काही अंशी अध्यापकाकडे आलेली असते. त्या दृष्टीने पुढील बाबी उपयुक्त ठरतील.

१) सहलीपूर्वी वर्गात एक तास नौकेचा तोल, लाइफ जॅकेट व आपत्कालीन सूचना यांची माहिती द्यावी. पोहता न येणाऱ्या विद्यार्थ्यांची स्वतंत्र नोंद ठेवावी.
२) नौकेवर लिहिलेली प्रवासीक्षमता पाहूनच चढावे. गर्दी असल्यास पुढील फेरीची वाट पाहावी. वेळापत्रकात त्यासाठी मोकळा वेळ राखून ठेवावा.
३) लाइफ जॅकेट धक्क्यावरच घालून पट्टे बांधावेत. पाण्यात पडल्यानंतर ते घालणे बहुतेकांना जमत नाही.
४) विद्यार्थ्यांना दोन्ही बाजूंस सारखे बसवावे. छायाचित्रासाठी उठण्यास मनाई करावी.
५) हवामानाचा इशारा असल्यास किंवा तांडेलाने नकार दिल्यास आग्रह धरू नये. भरलेले पैसे बुडाले तरी चालतील.
६) चढताना व उतरताना हजेरी घ्यावी.

समारोप

प्रवासी जागरूक नसेल तर उत्तम कायदाही कागदावर राहतो आणि यंत्रणा बेफिकीर असेल तर जागरूक प्रवासीही असहाय ठरतो. त्यामुळे या दोन जबाबदाऱ्यांना परस्परांचा पर्याय मानता येत नाही. भरलेल्या लाँचमध्ये चढण्यास नकार देणे हे एकट्या विद्यार्थ्याला अवघड जाते. मित्र पुढे गेलेले असतात आणि मागे राहणे कमीपणाचे वाटते. तोच नकार अध्यापकाने दिला तर साऱ्या गटाला थांबता येते. सहलीची परवानगी, खर्चाचा अंदाज आणि पालकांची संमतिपत्रे यांच्याबरोबर अशा नकाराची तयारीही महाविद्यालयाच्या नियोजनात असावी. समुद्र न पाहिलेल्या मुलांना समुद्रावर नेणाऱ्या जिल्ह्यांमध्ये तिची गरज अधिक आहे.