साथ कोणाची, गाणे कोणाचे?

जाझ म्हटले की आपल्याकडच्या पांढरपेशा माणसाच्या डोळ्यांपुढे ठरलेल्या चार गोष्टी उभ्या राहतात: मोठे हॉटेल, मंद दिवे, चकचकीत पितळी वाद्ये आणि कान किटवणारा गोंगाट. या समजुतीला मुंबईपुरता थोडा आधारही आहे. १९३५ साली लिऑन ॲबी याचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला आणि हे संगीत मुंबईच्या बड्या मंडळींत रुळले. पुढे गोव्याच्या वादकांनी ते आपलेसे केले व चित्रपटांच्या स्टुडिओत नेले. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’तील (१९५१) गाण्यांवर ज्यांनी पाय ठेका धरू दिला, त्यांनी चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रंपेटवाल्याला नकळत दाद दिलेलीच आहे.

पण मला आज ज्या जाझविषयी लिहायचे आहे, त्याचे बिऱ्हाड निराळे. चार-सहा माणसे, त्यांत एखादी गिटार, आणि सर्वांनी मिळून तिथल्या तिथे काही उभे करायचे. मी पेशाने मराठीचा प्राध्यापक. संगीतातला माझा अधिकार केवळ श्रोत्याचा. तरीही ज्या घरात ख्याल आणि नाट्यगीते ऐकली जातात, त्या घराला हे संगीत परके वाटण्याचे कारण नाही, असे माझे मत झाले आहे.

उपज ही काही आपल्याला नवी गोष्ट नव्हे. आपला गवई बंदिशीचा मुखडा धरतो आणि राग-तालाच्या चौकटीत बढत करतो. जाझवाल्याची चौकट जरा वेगळी. तो एखादे लोकप्रिय गीत घेतो. त्या गीताच्या चालीखाली स्वरमेळांची, म्हणजे तीन-चार सूर एकदम वाजवण्याची, एक ठरलेली रांग असते. गिटारवाले त्यांना कॉर्ड म्हणतात. ही रांग कायम ठेवून वरची चाल मात्र प्रत्येकाने आपल्या मनाची रचायची. अशी पुष्कळशी गीते ३२ खंडांची असतात आणि प्रत्येक खंडात ४ मात्रा. एकूण १२८ मात्रांचे एक आवर्तन, म्हणजे आपल्या त्रितालाचे आठ फेरे! इतक्या लांबच्या समेवर सारे जण एकत्र येऊन पोचतात आणि कोणी हाताने टाळी देत नाही. कोण कुठवर आला आहे, हे ज्याने त्याने ऐकूनच ओळखायचे. सामूहिक उपज म्हणतात ती हीच. एक जण पुढे होऊन वाजवू लागला की बाकीचे काय करतात, यावर तिचे सारे बरेवाईट ठरते.

यात गिटारीचे नशीब मोठे मजेदार. मोठ्या वाद्यवृंदात पितळी वाद्यांपुढे तिचा आवाज टिकत नसे. मागे बसून मात्रेमात्रेला स्वरमेळ छेडायचा, एवढेच तिचे काम. काउंट बेसीच्या वृंदात फ्रेडी ग्रीन १९३७ साली आला आणि १९८७ साली मृत्यूने उठवीपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षे हेच करीत राहिला. स्वतंत्र वादन त्याने क्वचितच केले. छोट्या ताफ्यात मात्र तीच गिटार घटकेत पंगतीला वाढते आणि घटकेत स्वतः पाटावर बसते. म्हणून हा सामूहिक कारभार समजून घ्यायला गिटारीइतके सोयीचे वाद्य दुसरे नाही.

माझी मुलगी गिटार शिकते. गेल्या वर्षी तिच्या वर्गाच्या कार्यक्रमात तिला साथीला बसवले, तेव्हा ती हिरमुसून म्हणाली, “बाबा, मला नुसतं मागे खरडायला ठेवलंय!” तिचे दुःख खोटे नव्हते. पुढे उभा राहील तो हुशार, हे मुलांना आपण सारेच शिकवतो. मागे बसायलाही विद्या लागते, हे त्यांना कोणी सांगत नाही. उपदेश करण्याऐवजी मी तिला तीन ध्वनिमुद्रिका ऐकवल्या. त्याच इथे सांगतो.

पहिली जँगो राइनहार्टची. १९१० साली बेल्जममध्ये जन्मलेला हा रोमा जमातीचा मुलगा. १९२८ साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली, डावा हात भाजला आणि त्या हाताची दोन बोटे कायमची आखडली. उरलेल्या दोन बोटांवर त्याने नवे वादन बसवले आणि १९३४ साली व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेलीबरोबर पॅरिसमध्ये पाच जणांचा ताफा उभा केला: तीन गिटारी, एक व्हायोलिन, एक उभा डबल बास. ड्रम मुळीच नाहीत. आता तीन गिटारी कशाला? सांगतात ते असे की, “ग्रापेली वाजवतो तेव्हा त्याच्यामागे दोन गिटारी असतात, मला मात्र एकच,” अशी जँगोची तक्रार होती. म्हणून धाकटा भाऊ जोसेफ साथीला आला. एवढ्या थोर वादकालाही पाठीशी माणूस हवा होता! १९३७ सालची त्यांची ‘मायनर स्विंग’ ऐका. आपल्या अब्दुल करीम खाँसाहेबांप्रमाणे यांच्याही वाट्याला तबकडीची एक बाजू, म्हणजे तीन-सव्वातीन मिनिटेच आली. तेवढ्यात जँगो आपले म्हणणे मांडतो, व्हायोलिन पुढे होते, आणि त्याबरोबर तोही ठेक्याच्या गिटारींत जाऊन बसतो. मघाचा नायक आता टाळकरी झालेला असतो आणि त्याला त्यात कसलाही कमीपणा वाटत नाही.

दुसरी चार्ली क्रिश्चनची. याने विजेच्या गिटारीला सॅक्सोफोनसारखे सलग बोलायला शिकवले. १९३९ साली जॉन हॅमंडने त्याला प्रसिद्ध क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनपुढे आणले. हॅमंडने पुढे सांगितलेली हकीकत अशी: गुडमनचे पहिल्या भेटीत काही मन भरले नाही, पण रात्री ‘रोज रूम’ हे गीत सुरू झाले, क्रिश्चनची पाळी आली, आणि तीन मिनिटांचे गाणे पाऊण तास चालले. क्रिश्चन गुडमनच्या सहा जणांच्या ताफ्यात गेला. १३ मार्च १९४१ रोजी ध्वनिमुद्रणाला मंडळी जमली, आणि गुडमन यायचा होता. तेवढ्या वेळात वादक आपसांत वाजवत बसले आणि मुद्रकांनी यंत्र चालू ठेवले. ‘वेटिंग फॉर बेनी’ या नावाने तो तुकडा राहिला आहे. मालक आलेला नाही, तबकडी भरायची घाई नाही, कोणी कोणाला हुकूम करीत नाही. आणि या निवांतपणात, त्याच दिवशी ‘ए स्मूथ वन’ म्हणून रीतसर मुद्रित झालेली चाल आकार घेताना ऐकू येते. पुढच्या वर्षी २ मार्चला क्रिश्चन क्षयाने वारला. वय पंचवीस. यंत्र बंद असते तर ती पाच मिनिटे हवेत विरून गेली असती.

तिसरी १९६२ सालची ‘अंडरकरंट’. पियानोवर बिल इव्हान्स, गिटारीवर जिम हॉल, तिसरे कोणी नाही. इव्हान्सचा बासवादक स्कॉट लाफारो जुलै १९६१ मध्ये मोटार अपघातात गेला. तोही पंचविशीचाच. त्यानंतर कित्येक महिने इव्हान्सचे वाजवण्यावरून मन उडाले होते. तो हॉलबरोबर बसला, तेव्हा खाली बास नाही, मागे ड्रम नाहीत. पियानो आणि गिटार ही दोन्ही स्वरमेळांची वाद्ये, त्यामुळे एकमेकांच्या पायांत पाय अडकण्याचीच भीती. पहिलेच गीत ‘माय फनी व्हॅलेंटाइन’. ते एरवी संथ म्हणतात, यांनी द्रुत घेतले आहे. मध्येच हॉल नुसते मात्रेमात्रेचे स्वरमेळ छेडू लागतो, हलके पण न चुकणारे, आणि त्या भरवशावर इव्हान्स मोकळा सुटतो. माझी मुलगी इथे थांबून म्हणाली, “परत लावा.” मी लावले. “हे तर मागचंच वाजवतोय,” ती म्हणाली, “पण हा थांबला तर पियानो पडेल!” मला आणखी काही बोलावे लागले नाही.

या तीनही ध्वनिमुद्रिका आज फोनवरही मिळतात. वाचकहो, दिवाळीच्या फराळानंतरच्या सुस्तीत त्या जरूर ऐका; मात्र प्रत्येक दोनदा. पहिल्यांदा जो पुढे आहे त्याला ऐका, कारण कान तिकडेच धावणार. दुसऱ्यांदा त्याला वगळून मागच्याला ऐका: तो कुठे गप्प राहतो, कुठे हळूच एक सूर सुचवतो, आणि तो सुचवलेला सूर पुढचा कसा उचलतो. दोघांत चाललेले हे बोलणे एकदा ऐकू आले की गाणे नेमके कोणाचे, हे सांगणे कठीण होऊन बसते.

आणि ते जमले, की घरातली एखादी जुनी ख्यालाची मुद्रिका लावा. गवयाला घटकाभर बाजूला ठेवून पेटीवाल्याकडे कान द्या. तो कधीचा तिथेच बसला आहे.