नवऱ्याची काचपट्टी

‘अंगावरून पांढरं जातं’ हे वाक्य आपल्याकडची बाई मोठ्याने उच्चारत नाही. जावेच्या कानात सांगेल, फारच झालं तर नर्सबाईंना. कुणी धुपणी म्हणतं, कुणी नुसतंच ‘पांढरं’. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या, तेव्हा तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के होत्या. प्रत्यक्षात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला, सरासरी एकीला ३.६ आजार. त्यांतले निम्मे जंतुसंसर्गाचे. याआधी अशी तपासणी कधीतरी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला आणि कुटुंबनियोजन व बाळंतपण यांपलीकडे बाईला शरीर असतं, हे जगाच्या आरोग्य धोरणाला ऐकावं लागलं.

या ‘पांढऱ्या’मागे अनेक कारणं असतात आणि काही पांढरं जाणं तर अगदी नैसर्गिक. पण दुर्गंधीसह वारंवार उलटणाऱ्या एका आजाराचं, बॅक्टेरियल व्हजायनोसिसचं, कोडं उलगडायला सुरुवात झाली ती अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये. हर्मन गार्डनर हे स्त्रीरोगतज्ज्ञ, तर चार्ल्स ड्यूक्स हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. १९५५ साली या जोडीने या आजारामागचा जंतू म्हणून एका बारीक जंतूकडे बोट दाखवलं. १९८० मध्ये त्याला गार्डनरेला हे नाव मिळालं. प्रयोगशाळेची बाजू सांभाळणाऱ्या ड्यूक्सचं नाव मात्र जंतूला चिकटलं नाही.

चिकटण्यावरूनच हा आजार ओळखतात. निरोगी योनीस्रावाची काचपट्टी ग्रॅम पद्धतीने रंगवली की दिसतात लांबट जांभळ्या काड्या. हे लॅक्टोबॅसिलस, दही लावणाऱ्या जंतूंच्या गोतावळ्यातले. (म्हणून काही तिथे दही लावायचं नसतं, हेही सांगून ठेवते.) ते आम्ल तयार करून पीएच साडेचारच्या खाली ठेवतात. आजारात या काड्या जवळजवळ नाहीशा होतात आणि पेशींवर बारीक जंतू असे दाटून बसतात की पेशीची कडाच दिसत नाही. अनारशाला खसखस चिकटावी तसं दृश्य. ही ‘क्लू सेल’. स्रावावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की माशांसारखा वास येतो, हीही एक खूण.

आता या जोडीचा ह्यूस्टनमधला एक प्रयोग, जो वाचताना अंगावर काटा येतो. निरोगी स्त्रियांच्या योनीत शुद्ध वाढवलेला जंतू घातला. १३ जणींपैकी फक्त एकीला आजार झाला. मग रुग्ण स्त्रीचा स्रावच १५ जणींना दिला, तेव्हा ११ जणी आजारी पडल्या. आजची कोणतीही नैतिकता समिती अशा प्रयोगाला परवानगी देणार नाही. पण त्यातून एक गोष्ट कळली. हा एकट्या जंतूचा खेळ नव्हे, अनेकांची टोळी आहे. आज आपण तिला पेशींवरचा जंतूंचा थर, बायोफिल्म, म्हणून ओळखतो.

त्याच जोडीने आणखी एक काम केलं होतं. त्यांनी रुग्ण स्त्रियांच्या नवऱ्यांचीही तपासणी केली आणि त्यांच्या मूत्रमार्गात हाच जंतू सापडला. माझ्या मते कथेचा सगळ्यांत बोचरा भाग हा. पुढे पुरुषांना नुसत्या गोळ्या देऊन पाहिल्या, बायकांचा आजार उलटायचा थांबला नाही, आणि पाठ्यपुस्तकांनी ‘जोडीदाराला उपचार नको’ असं लिहून टाकलं. औषध बाईनेच घ्यायचं, आजार परत आला की दोषही तिचाच: स्वच्छता पाळत नाही, काळजी घेत नाही. जंतू मात्र दोघांच्या अंगावर राहायचे.

२०२५ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या संशोधकांनी १६४ जोडप्यांवरची चाचणी प्रसिद्ध केली. एका गटात फक्त स्त्रीवर उपचार केले, दुसऱ्यात पुरुषालाही गोळ्या दिल्या आणि शिश्नावर लावायला मलम दिलं. बारा आठवड्यांत पहिल्या गटात ६३ टक्के स्त्रियांचा आजार उलटला, दुसऱ्यात ३५ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधीच थांबवली.

पुरुषाच्या वाट्याचं औषध असं होतं: मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या दिवसातून दोनदा, क्लिंडामायसिनचं मलमही दिवसातून दोनदा. एकूण सात दिवस.